पाळण्याखालचं लोखंड

मी लोखंड हुंगणारं यंत्र बोलतोय. एक लांब दांडा, टोकाला ताटाएवढी चकती, पाठीवर घ्यायची पेटी आणि कानाला लावायच्या दोन काळ्या डब्या, एवढंच माझं अंग. जमिनीत लोखंड असलं की मी कुंई करतो. ते फक्त डब्या लावणाऱ्यालाच ऐकू येतं.

माझा जन्म विलायतेतला, लढाईच्या दिवसांतला. काम पुरलेले सुरुंग शोधायचं. तिथं मी चुकलो तर माणसाचा पाय जायचा, म्हणून खोटं बोलायची सवय मला लागलीच नाही. लढाई संपल्यावर लष्करानं मला भंगारात काढलं. मला वागवणारा शिपाई इसहाक तोवर दौंडला रेल्वेत फिटर झाला होता. त्यानं भंगारवाल्याकडं मला ओळखलं आणि घरी नेलं. शेजारी हरवलेल्या किल्ल्या शोधायला मला मागून नेत. परत देताना कुणी पुसून दिलं नाही.

एकोणीसशे एकोणसाठच्या फाल्गुनात वडगाव रासाईवर भर दुपारी आभाळ गडगडलं आणि वरून एक दगड पडला. असल्या दगडात लोखंड असतं म्हणे. महिन्याभरानं तो शोधायला पुण्याचे एक प्राध्यापक आले. त्यांना लोखंड हुंगणारं यंत्र हवं होतं, म्हणून इसहाकनं रजा काढली आणि मला घेऊन गेला.

चौदा दिवस आम्ही भीमेकाठची रानं हुंगली. बैलांच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या सापडल्या, आणि किल्ली नसलेलं एक कुलूप. रानाचे मालक मारुतराव बांधावर बसून म्हणायचे, "पाव्हणं, सोनं गावलं तर आमचं. धोंडा गावला तर तुमचा."

पंधराव्या दिवशी मारुतरावांच्या रानातल्या घराच्या भिंतीपाशी मी असा ओरडलो की इसहाकनं डब्या कानावेगळ्या केल्या. दारात मारुतरावांची बायको झुंबरबाई उभी.

"तिथंच थांबा. आत बाळंतीण हाय."

"मावशी, आत लोखंड आहे का?"

"इळा हाय उशाला. पोराला बाहेरचं लागू नये म्हणून आसतोच की."

"जरा बाहेर देता?"

कुरकुरत तिनं विळा त्याच्या हातात दिला. त्यानं तो लांब ठेवला. मी ओरडतच राहिलो.

मग पडद्याआडून सून म्हाळसा बोलली. "दादा, पाळण्याखाली धोंडा हाय. गडगडलं त्याच्या दुसऱ्या दिशी रानात गावला. लोखंडावानी जड लागला, म्हणून ठिवला इळ्याच्या जोडीला."

"जोडीला कशाला?"

"मागल्या दोघांना निस्ता इळाच व्हता."

इसहाकनं माझी चकती भिंतीपासून मागं घेतली.

"तुमच्यात पोरांच्या उशाला काय ठिवत्यात?" म्हाळसानं विचारलं.

"आम्ही प्रार्थना करतो."

"आन् समदी जगली?"

"नाही," इसहाक म्हणाला.

बांधावरून प्राध्यापकांनी विचारलं, "इसहाक, काय लागलं?"

इसहाकनं विळा उचलून दाखवला. "बाळंतिणीचा विळा, साहेब."

संध्याकाळी प्राध्यापकांनी वहीत लिहिलं, दगड सापडला नाही, यंत्र निकामी.

तेव्हापासून मी दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये फडताळावर आहे. इसहाकची बायको राहेल माझ्या चकतीवर मिरच्या वाळवते. बाजाराला आले की मारुतराव घरी येतात, चहा घेतात. इसहाक दगडाचं विचारत नाही, पोराचं विचारतो. पोर तीन वर्षांचं झालंय. गोवर येऊन गेला. कांजिण्या अजून व्हायच्यात.

वाचणाऱ्यांनो, मी निकामी नाही. पण हे कुणाला सांगायची घाई करू नका. आधी कांजिण्या होऊन जाऊ द्या.