गाळलेली एक ओळ

मी एक जुनी चाळणी आहे. पण मित्रांनो, पीठ मी जन्मात पाहिलेलं नाही. मी संगणकातली चाळणी. एका रुग्णालयाच्या तळघरात, संगणकांच्या खोलीत माझा जन्म झाला.

तिथला एक प्रोग्रॅम रोज सकाळी रुग्णालयातल्या प्रत्येक संगणकाची दारं, म्हणजे बाहेरून आत शिरायच्या वाटा, ठोठावायचा. कुठलं दार बंद, कुठलं उघडं, सगळं लिहून ठेवायचा. रोजच्या अकरा हजार ओळी! खोलीतले सर्वांत जुने तंत्रज्ञ म्हणजे काका. ते ओळी कागदावर छापून, खाली पट्टी धरून एकेक वाचत. वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. हाताखालच्या ताईला ते बघवेना, म्हणून तिने मला लिहिलं. नेहमीच्या ओळी मी गाळायची, काळजीच्या तेवढ्या ठेवायची.

पहिल्याच दिवशी मी अकरा हजारांच्या नऊ ओळी केल्या. "अगं, ही चाळणी आहे की जादू!" म्हणत काकांनी पट्टी खणात टाकून दिली. खोटं कशाला बोलू, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

मग क्ष-किरण विभागातल्या जुन्या संगणकाचं एक दार उघडं सापडलं. दुरुस्तीवाला सोमवारी येणार होता. तोवर रोज सकाळी तीच ओळ वर यायची.

"तेच तेच वाचून डोकं उठलं बघ," काका ताईला म्हणाले. "सोमवारपर्यंत गाळून टाक ती ओळ."

ताईने माझ्यात तसं लिहिलं. शेजारी आठवणीसाठी टीपही ठेवली, 'फक्त सोमवारपर्यंत'. पण टीप माणसांसाठी असते हो, चाळताना मी ती ओलांडूनच पुढे जाते.

सोमवारी दुरुस्तीवाला आलाच नाही, पण खाली तळघरात ते कुणी कळवलं नाही. मंगळवारी यादीत ती ओळ दिसेना, तेव्हा ती मला गाळायला सांगितली आहे हे विसरून दोघांनाही वाटलं, झालं काम. मी मात्र ती ओळ रोज बघत होते आणि रोज गाळत होते. चारशे बारा सकाळी! मला तोंड असतं तर बोंब मारली असती.

त्याच दारातून चोर शिरले. हजारो रुग्णांची क्ष-किरणांची चित्रं गेली, ती परत मिळालीच नाहीत. रुग्णालयाच्या साहेबांनी खाली येऊन विचारलं, "ही ओळ कुणी गाळायला लावली?"

ताई उठायच्या आत काका म्हणाले, "मी. तिचा काही दोष नाही."

निवृत्तीला पाच महिने उरले असताना काकांना घरी पाठवलं. डबा आणि चष्मा पिशवीत घालून ते गेले. ताई टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. काकांचे डोळे वाचावेत म्हणून मी जन्माला आले होते, आणि मीच त्यांची खुर्ची घालवली. हे दुःख मी कुणाला सांगू?

मित्रांनो, एखादी गोष्ट 'तेवढ्यापुरती' नजरेआड केलीत, तर तिच्याकडे परत बघायला विसरू नका. आणि आमच्यासारख्यांनी काय गाळलं, तेही अधूनमधून विचारत जा. आम्ही आपणहून सांगत नाही.

आता मला कुणी चालवत नाही. ताई खणातली ती पट्टी काढून रोज अकरा हजार ओळी स्वतः वाचते. हल्ली तिच्याही डोळ्यांतून पाणी गळतं. एकदाच तिने मला उघडलं, 'फक्त सोमवारपर्यंत' ही टीप बराच वेळ वाचली आणि काही न पुसता मला बंद केलं.