वामेच्या जबड्यातला गळ

मी एक गळ बोलतोय. मासे धरायचा, करंगळीएवढा जाड, पोलादी गळ. सांगतो त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, माझ्या टोकाची शपथ. खोटं बोलायला मी काही माणूस नाही.

तर चाळीस किलोची वाम मी एकट्यानं पाण्यावर आणली. चाळीस नाही म्हणा, तीस. बरं, वीसच्या खाली भरली तर नाव बदलेन. मला नावच नाही, ही गोष्ट वेगळी. माझी घडणच वाकडी. सरळ असतो तर माझ्याकडून काय होणार होतं?

वाम कधी पाहिली नसेल तर सांगतो. सापासारखी लांब, मांडीएवढी जाड, खडकाच्या कपारीत शेपूट अडकवून बसणारी मासळी. तोंडात अशी दातांची रांग की बघणाऱ्यानं आपली बोटं मोजावीत.

माझा जन्म जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात झाला. तिथल्या एका वेल्डरनं जेवणाच्या सुट्टीत उरलेली सळई तापवली आणि पकडीनं वाकवायला घेतली. त्याला रविवारी मित्राच्या बोटीवर मिरवायचं होतं. सळई निसटली आणि लालबुंद टोक त्याच्या तळहातावर टेकलं. त्यानं मला आणि कारखान्याच्या मालकाला मिळून एक शिवी दिली. मग एकाच बादलीत आधी हात बुडवला, नंतर मला.

संध्याकाळी घरी सात वर्षांच्या मुलीनं विचारलं, "बाबा, हाताला काय झालं?"

बायको शेजारीच कांदा चिरत होती. कारखान्यात स्वतःची कामं करतो म्हणून त्याला आधीच एकदा ताकीद मिळाली होती, आणि ते तिला ठाऊक होतं. त्यानं खिशातून मला काढलं आणि म्हणाला, "वाम चावली."

बस, एवढंच. त्याला चावलो होतो मी, नाव झालं वामेचं.

पुढे ती वाम वाढत गेली. पहिल्या वर्षी हातभर होती. मुलगी पाचवीत गेली तेव्हा ती वाम बापाच्या उंचीची झाली. मुलगी कॉलेजात गेली तेव्हा वामेनं बोट उलटवायची तेवढी बाकी ठेवली होती. पाण्याबाहेर इतक्या झपाट्यानं वाढणारी दुसरी मासळी मी पाहिली नाही.

मी मात्र दारामागच्या खिळ्यावर. पाहुणे आले की मला खाली काढायचं. "हाच तो गळ!" पाहुणे माझ्या टोकाला बोट लावून "बापरे" म्हणायचे. चोवीस वर्षं मी दमट छत्रीशेजारी लटकलो. खारं पाणी म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र तो बरोबर सांगायचा, कुठून ऐकली होती कोण जाणे. "बाळ, वामेच्या गळाला दोरी थेट बांधायची नाही. मध्ये हातभर पोलादी तार. दोरी ती चावून तोडते, तारेपुढे तिचं काही चालत नाही."

मुलगी मोठी होऊन दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस लागली. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे काढायची. कधी बापाचा हात उलटा करून बघायची. "बाबा, हे वरचे दात की खालचे?"

"चावताना विचारायचं राहून गेलं," तो म्हणायचा, आणि दोघं हसायचे. ते हसणं मला आवडायचं. ती मनातून काय समजून होती, मला कळत नव्हतं.

बाप निवृत्त झाला. आता त्याची गोष्ट कुणी विचारेना. तो खुर्चीत बसून चपलांच्या रांगेकडे बघायचा. एक दिवस मुलीनं मला खिळ्यावरून काढलं. "बाबा, मला वाम धरायचीय. याच गळानं. तुम्ही शिकवायचं, वाम पाण्यातून बोटीत घ्यायचीही तुम्हीच."

"आता या वयात?"

"तुम्ही नुसतं सांगा, हात माझे."

रविवारी सकाळी भाड्याच्या बोटीत तिघं होते: बाप, लेक आणि बोटवाला. हातभर तार तिनं स्वतः बांधली, तारेला दोरी. हातात बापाचे वेल्डिंगचे जुने कातडी मोजे. बाप नुसता सुरी पुसत बसला होता. पुसलेलीच पुसत होता.

खडकांत मी पोचलो आणि बांगड्याच्या तुकड्यासकट कुणीतरी मला गिळलं. वर काय धावपळ झाली! बोटवाला ओरडला, "ताई, ढील देऊ नका, कपारीत शिरली तर संपलं!" ती दोन्ही पाय टेकवून ओढत होती. "बाबा, बघा ना! बाबा!" इतकी आनंदी हाक मी दारामागे कधी ऐकली नव्हती.

अर्ध्या तासानं वामेचं डोकं पाण्याबाहेर आलं. शांत, राखाडी, मोठ्ठे डोळे.

बोटवाला म्हणाला, "काका, तुम्ही जुने खेळाडू. घ्या आत. कुठं धरायचं, सांगा."

"बाबा, आता काय करू?"

त्यानं वामेकडे बघितलं. वामेच्या जबड्यातून मी त्याच्याकडे बघितलं. जिवंत वाम तो आयुष्यात पहिल्यांदाच बघत होता. कुठं धरायचं, त्याला ठाऊक नव्हतं, आणि दोन माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

बोटवाला ओलं पोतं घ्यायला वळला. मुलगी दोरीचा वेढा हाताभोवती घेत होती. तेवढ्यात तो वाकला आणि सुरी एकदाच फिरली.

"गेली! चावून तोडली हिनं दोरी!" तो ओरडला.

मग मुलगीही हळहळली, म्हणाली, "जाऊ दे बाबा, तुमच्या वामेएवढी नव्हतीच." घरी जाऊन तिनं आईला, शेजाऱ्यांना हेच सांगितलं. रिकाम्या खिळ्याखाली बसून बाप पुन्हा आपली गोष्ट सांगू लागला.

आता कबूल करतो. मुलगी हळहळली, तिथून पुढचा भाग मी रचला. मी वामेच्या तोंडात होतो, घरचं मला कसं कळणार? बापाच्या हातून घडलो, शेवट गोड करायची सवय त्याचीच.

खरं इतकंच: वाम दमली होती, दोरी तुटल्यावरही क्षणभर बोटीशेजारीच तरंगत राहिली. वरून मुलीचा आवाज आला. आता त्यात आनंद नव्हता.

"तार कुठंय, बाबा?"

"गेली की तिच्याबरोबर."

"मग तारेच्या वरची दोरी चावली कशी?"

त्यावर तो काय बोलला, मला ठाऊक नाही. वाम खाली वळली.

आता मी गंजतोय. जबड्याला धरून होतो ते टोक झिजलं, लवकरच गळून पडेन आणि वाम मोकळी होईल. तुम्हांला ती मुलगी भेटली तर सांगा, तिची वाम खरी होती आणि तिनं ती धरली होती. तिनं पुरावा मागितला, तर माझं नाव सांगू नका. वजनाबद्दल मी काय काय बोललो, ते तुम्ही ऐकलंच आहे.