नॉक ऑफ

बन्सी साताऱ्याकडचा, मॅट्रिक झालेला. सहासष्ट साली तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, तिथे एका ठेकेदाराने त्याला दुभाषा म्हणून ठेवलं. परदेशी साहेब बोलेल ते मजुरांना मराठीत सांगायचं. साहेबाचं निम्मं बोलणं त्याच्या डोक्यावरून जायचं. पण पुन्हा विचारलं तर नोकरी जाईल, ही धास्ती जेवतानाही त्याला सोडत नसे.

त्या दुपारी सुका नावाचा मजूर आणि त्याची टोळी नव्या भिंतीपाशी होती. सकाळीच ओतलेलं काँक्रीट फळ्यांच्या आधाराने उभं होतं. साहेब घड्याळ बघत म्हणाला, "टेल देम टू नॉक ऑफ."

नॉक म्हणजे ठोकणं, ऑफ म्हणजे... बन्सीने घाईघाईने मनाशी जुळवलं. "फळ्या ठोकून पाडा."

सुका थबकला. "भाऊ, माल अजून वला हाय."

"साहेबांचा हुकूम आहे!"

चार घाव बसले आणि भिंत भसकन खाली आली. कुणाला लागलं नाही, पण साहेब लालबुंद होऊन धावत आला. मुकादमाने सुकाकडे बोट दाखवलं. बन्सी मुकादमाच्या मागे सरकला. सुकाला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

बन्सीला चैन पडेना. भाकरी मोडली, तशीच ठेवली. उठला, बसला, पुन्हा उठला. दिवस कलताना तो जवळच्या पाम गावाच्या वाटेला लागला. तिथल्या झोपडीत सुका आणि त्याची बायको नवसी बोचकं बांधत होती.

"चूक माझी होती," बन्सी दारातूनच म्हणाला. "मीच उलटं सांगितलं."

सुकाने बोचक्याची गाठ आवळली. नवसी वळली. "मंग तवाच तोंड का नाय उघडलं?"

"सकाळी माझ्याबरोबर चल," बन्सी सुकाला म्हणाला.

सकाळी साहेबापुढे त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं कबूल केलं. साहेबाने शेजारचं फावडं उचललं, वाळूत दोनदा मारलं, खाली टाकलं आणि दगडावर बसून कपाळ पुसलं. "नॉक ऑफ," तो म्हणाला.

काम थांबवा, जेवून घ्या. एवढंच होतं ते.

सुका पुन्हा कामावर लागला. बन्सीचं दुभाषेपण गेलं. तो सिमेंटच्या गोदामात पोती वाहू लागला. सुका समोर आला की बन्सीला हात करायचा. नवसी मात्र डोक्यावर खडीचं घमेलं घेऊन समोरून जाताना कित्येक दिवस मान वळवून घेई, आणि तिला हाक मारायची बन्सीची छाती होत नसे.