आठव्या महिन्यातलं इष्टलिंग

या, असं जवळ सरकून बसा. मृदंगवाल्याला निवांत चहा पिऊ द्या. तोवर एक गोष्ट सांगतो. चाकूरची आहे, आपल्याच माणसांची.

सुकन्या नांदेडला शाळेत शिकवते. शिवनाम सप्ताह आला की रजा टाकून माहेरी चाकूरला येते. कीर्तनात पहिली चाल तीच धरते. यंदाही आली. पण दुपारी तिची आई, उमाबाई, पूजेला बसल्या तेव्हा ही दारातच घुटमळत राहिली.

त्या लिंगायत घरात गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजल्याबिगर कुणी घास घेत नाही. भस्म लावता लावता उमाबाईंनी लेकीच्या गळ्याकडं पाहिलं.

"लिंग कुठाय गं?"

"नांदेडला. काढून ठेवलंय."

"कुणी काढायला लावलं?"

"कुणी न्हाई, अव्वा. मीच."

गेल्या दिवाळीत सुकन्यानं आईला सांगून टाकलं होतं की सोबत राहणारी अपूर्वा नुसती मैत्रीण नाही, आमचा दोघींचा संसार आहे. उमाबाई एक अक्षर बोलल्या नव्हत्या, चकल्यांचा पुढचा घाणा तळत राहिल्या होत्या. त्या गप्प बसण्याचा अर्थ सुकन्यानं आपल्या मनानं लावला: आईला जे चालत नाही ते देवाला कसं चालेल? अपूर्वाला सोडणं जमणार नव्हतं, म्हणून तिनं देव सोडला. सोडला म्हणजे काय, डबीत ठेवला आणि डबीकडं बघून रडत राहिली.

"अन जेवतीस कशी तिकडं?"

"जेवते. पण चोरून खाल्ल्यागत वाटतं."

"म्हणून वाळलीस व्हय. मी आपली नांदेडच्या पाण्याला बोल लावत राहिले."

"अव्वा, आज मी गाणार न्हाई. कुठल्या तोंडानं शिवाचं नाव घेऊ?"

उमाबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं. "तुझं लिंग तुला कधी मिळालं, ठाऊक हाय?"

"बारशाला."

"त्याच्या बी आधी. मला आठवा लागला तवा मठातल्या स्वामींनी ते माझ्याजवळ दिलं. तू होईपर्यंत माझ्या लिंगासंगं तुझ्या लिंगाची बी पूजा मीच केली. पोटातलं पोरगं हाय का पोरगी, काळं का गोरं, कुणावर जीव लावणार, काय बी ठाऊक नव्हतं. स्वामींनी इचारलं न्हाई. अन देवाला तर समदं ठाऊकच असंल. तरी आला की तुझ्याकडं."

"मग दिवाळीत गप्प का बसलीस?"

"उमजलं नव्हतं. अजून बी समदं उमजलं न्हाई. पण माझ्यावरचा राग देवावर काढलास व्हय?" उमाबाईंनी वाढलेली ताटं झाकली. "लाव फोन तिला. म्हणावं, लिंग घेऊन ये. तवर मी बी जेवत न्हाई."

अहमदपूरला गाडी बदलून अपूर्वा दिवस कलताना पोचली. डबी दोन्ही हातांत धरून उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मी शिवलं तर चालतं का, माहीत नव्हतं. म्हणून उघडली नाही."

"इतक्या लांबून सांभाळून आणलीस न्हवं? पाय धू अन आत ये. भाकरी पार गार झाली."

सुकन्यानं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि बराच वेळ नुसती बघत बसली. उमाबाईंनी घाई केली नाही. पूजा झाल्यावर तिघींनी एका ओळीत बसून गार भाकरी खाल्ली, आणि सुकन्यानं दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली.

तर मंडळी, आपण इथं टाळ वाजवत असताना कुठंतरी एखादं लेकरू आपण देवाला चालत नाही असं समजून एकटं बसलं असेल. नाम घेताना त्याची तेवढी आठवण ठेवा.