बूस्टर काढून टाकला

मी भांडकुदळ आहे, हे मला कुणी नव्याने सांगायची गरज नाही. ब्रेकच्या कामात वीस वर्षं काढलेली बाई गोड बोलत बसली असती तर तिच्या गॅरेजला कधीच टाळं लागलं असतं. टायरवाला मला बघून रस्ता बदलतो. वीजबिलाच्या खिडकीतला माणूस मला बघितलं की चहाला उठतो. पण एका माणसापुढे माझी दातखीळ बसते, आणि तो माणूस म्हणजे बाबा. गॅरेज त्यांचंच. पाना कसा धरायचा हे त्यांनीच शिकवलं, हातावर फटके देऊन.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात सुधारला, बोलणं सुधारलं, स्वभाव मात्र होता तसाच राहिला. पाय अजूनही मधूनच झोपतो. हे ते मेले तरी कबूल करणार नाहीत. गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर तो कागद यांनी डॉक्टरांच्या तोंडावर फाडला आणि तुकडे त्यांच्याच टेबलावर ठेवून आले.

गाडी म्हणजे त्यांची ती लांबलचक जुनी गाडी, माझ्याहून वयाने मोठी. त्यात शेजारच्या सीटवर रोज आई. महिन्याभरात त्यांनी एकदा कुंपणाची भिंत पाडली, आणि एकदा शाळेसमोर गाडी पोरांच्या रांगेपासून हातभर अंतरावर थांबली. आईने हे मला हसत हसत सांगितलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"आई, तू बसतेस कशाला त्यांच्या शेजारी?"

"एकटे गेले तर जीव टांगणीला लागतो गं. बरोबर असले की बरं वाटतं."

मी किल्ली लपवली. बाबांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. जाऊन दोन नव्या किल्ल्या करून आणल्या आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. परदेशातला माझा भाऊ फोनवर म्हणाला, "अगं, सरळ सांग ना त्यांना." सरळ सांग म्हणे! तिकडे बसून सल्ले द्यायला याचं काय जातंय?

मग एका दुपारी बाबा गाडी घेऊन गॅरेजात आले आणि खाली न उतरताच म्हणाले, "बूस्टर गेलाय. नवा शोध."

बूस्टर म्हणजे पेडल आणि ब्रेकचा सिलिंडर यांच्यामध्ये बसवलेला गोल डबा. आपण पायाने थोडं दाबायचं, बाकीचा जोर तो लावतो. यांच्या डब्यातून हवा गळत होती. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि तिथेच माझ्या मनात आलं, हा डबाच काढून टाकला तर? पूर्वी असायचे तसे साधे ब्रेक, सगळा जोर पायाचा. त्या झोपणाऱ्या पायाला ते झेपायचं नाही. इथेच अंगणात एकदा दाबून बघतील, जमणार नाही, मुकाट उतरतील. मला काही बोलावंच लागणार नाही.

"मिळत नाही हो आता तो," मी म्हणाले. "साधे ब्रेक करून टाकू."

मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण यांचे डोळे चमकले. "कर. त्या ब्रेकमध्ये पायाला रस्ता कळायचा. पण सिलिंडर बारीक लागेल. आणि पेडल दुसरं. धांदरटपणा करू नकोस."

धांदरटपणा करू नकोस, हे ते मला मी सातवीत असल्यापासून ऐकवतायत.

सुट्या भागांच्या पहिल्या दुकानात काउंटरवाल्याने आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्या गाडीचा साधा सिलिंडर? बाई, लोक साधे काढून पॉवरचे लावतात. तुम्ही उलट्याच निघालात."

"कारण विचारलं का मी तुम्हाला? आहे की नाही तेवढं सांगा."

"नाही. पण बूस्टर आहे. कालच दुरुस्त होऊन आलाय, हा बघा." त्याने खोकं उघडून माझ्यापुढे सरकवलं. आत तोच डबा, काळा रंग दिलेला, बाबांच्या गाडीला अगदी फिट्ट बसेल असा.

"नको."

"अहो, पण शोधून सापडत नाही हा. तुमचं सगळं कामच होईल की—"

"नको म्हटलं ना! एकदा सांगून कळत नाही का?"

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं. मी बाहेर आले तेव्हा माझे कान गरम झाले होते. त्या माणसाचं काय चुकलं होतं? काहीच नाही. दुसऱ्या दुकानाने शपथेवर भलत्याच गाडीचा सिलिंडर माझ्या गळ्यात मारला. तो मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या काउंटरवर असा आपटला की आतला मालक जेवण टाकून बाहेर आला. चौथ्या दुकानात एकदाचा मिळाला.

राहिलं पेडल. ते मिळालं तर फक्त घुबडाकडे. घुबड म्हणजे भंगारवाला, वाटोळ्या चष्म्याचा, मान न हलवता सगळं बघणारा. त्याच्या आवारात एकावर एक रचलेल्या गाड्यांत, सगळ्यात खाली, मला हवी तीच गाडी होती.

"पेडल विकत नाही," घुबड म्हणाला. "गाडी विकतो. अख्खी." मग चष्म्यावरून बघत, "तू त्या ब्रेकवाल्याची पोर ना? तुझ्या बापाने चारचौघांत मला भामटा म्हटलं होतं."

"मग? खोटं होतं का?"

त्याने खालच्या गाडीकडे बोट केलं. "काढ तुझी तू. माझं कुणी हात लावणार नाही."

तीन तास मी त्या गाडीत उलटी पडले होते, पाय सीटच्या पाठीवर आणि डोकं पेडलपाशी. वरून गंज डोळ्यांत. एक बोल्ट तर असा हट्टाला पेटला होता की त्याला मी बाबांच्याच शिव्या घातल्या. पेडल घेऊन बाहेर आले तर घुबड स्टूल टाकून तिथेच बसलेला. त्याने पेडल हातात घेतलं आणि वरच्या टोकाजवळच्या दोन भोकांवर बोट ठेवलं.

"बूस्टर नसेल तर सिलिंडरचा दांडा वरच्या भोकात जोडायचा. पायाचा जोर वाढतो. खालचं भोक बूस्टरवाल्यांचं. तिथे जोडलास तर म्हैस ढकलत बसशील."

"मला शिकवू नका."

"तुला नाही शिकवत. बापाला सांग, भामट्याने खरं सांगितलं म्हणून."

गुरुवारी संध्याकाळी काम संपलं. डबा निघाला, सिलिंडर बसला, दांडा वरच्या भोकात, पिन घातली, नळ्यांतली हवा काढली. अंगणात गाडी चालवून ब्रेक दाबला. थांबली. डाव्या पायाने दाबला, थांबली. मग टाच वर धरून नुसत्या बोटांनी दाबला. तरी जागच्या जागी थांबली! इतका सुंदर ब्रेक मी आयुष्यात लावला नव्हता, आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. आठवडाभर वणवण करून, सगळ्यांशी भांडून, मी त्यांना आणखी दहा वर्षं गाडी चालवायची सोय करून दिली होती. माझं कामच माझ्या मुळावर आलं होतं.

मी पुन्हा स्टिअरिंगखाली शिरले, पिन काढली आणि दांडा खालच्या भोकात जोडला. मग दाबून बघितलं. दोन्ही पाय लावले तेव्हा कुठे पेडल हललं. हात पुसले आणि त्यांच्या घरी फोन केला, "बाबा, उद्या दहाला या. माझ्यासमोरच दाबून बघा."

बाबा दहाला येणारे असते तर बाबा कशाला झाले असते? सातलाच आले. गॅरेजची एक किल्ली त्यांच्याकडे असते हे मला ठाऊक होतं. आईची उपाशीपोटी रक्ततपासणी होती, म्हणून तीही बरोबर. साडेसातला मी माझ्या घरी दात घासत होते तेव्हा फोन वाजला.

"दवाखान्यात ये," बाबा म्हणाले. "तुझ्या आईचा हात मोडलाय."

दवाखान्याच्या अलीकडे एक उतार आहे. तिथल्या बांधकामापुढच्या वाळूच्या ढिगात त्यांनी गाडी घातली होती. ढीग नसता तर पुढे थेट चौक. मी पोचले तेव्हा आई आत प्लास्टर घालून घेत होती आणि बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते, दोन्ही हात उजव्या गुडघ्यावर दाबून धरलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"पाय संपला माझा," ते म्हणाले. "अंगणात वाटलं, साधा ब्रेक आहे, जडच असणार. उतारावर सगळा जोर लावला. पेडल हललंच नाही. हँडब्रेक ओढला तोवर..." त्यांनी गुडघ्यावर मूठ मारली. "हिला मारलं असतं मी आज."

झालं. मला हवं होतं ते झालं होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं, आणि यांच्यापुढे गप्प बसायची तर मला जन्माची सवय. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी पुन्हा मूठ मारली, तिसऱ्यांदा उचलली, आणि मला ते बघवेना.

"पाय नाही संपला, बाबा. दांडा खालच्या भोकात आहे."

मूठ तशीच राहिली. हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"चुकून?" त्यांनी विचारलं.

हो म्हणाले असते तर धांदरट ठरले असते, एवढंच. आधी ठरलेलीच होते.

"नाही. मुद्दाम. तुम्ही गाडी चालवू नये म्हणून. अंगणात दाबून बघाल आणि सोडून द्याल असं वाटलं."

"तोंड नव्हतं तुला? सगळ्या जगाशी चालतं की!"

"तुमच्यापुढे नाही चालत."

"भीती वाटते?"

"हो. वाटते."

बाबांनी श्वास घेतला. त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला वाकून ऐकावं लागलं. "सगळा जन्म ब्रेक लावले मी. दुश्मनाच्या गाडीलासुद्धा कधी खोटा ब्रेक लावला नाही. त्या घुबडाच्यासुद्धा." एवढं बोलून ते थांबले. एरवी एवढ्यावर ते कधीच थांबत नाहीत. मला वाटलं, ओरडावं त्यांनी, चारचौघांत पाणउतारा करावा, एक ठेवून द्यावी. ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

दार उघडलं आणि आई बाहेर आली. हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढराफटक, तरी मला बघून हसली.

"आलीस? घाबरू नकोस, साधं मोडलंय. ह्यांचा पाय ऐन वेळी झोपला गं. तू किल्ली लपवलीस तेव्हा मी तुलाच रागावले होते. पण तुझंच बरोबर होतं."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. बाबांनी खिशातून किल्ल्या काढल्या, होत्या तेवढ्या सगळ्या, आणि माझ्या मांडीवर टाकल्या.

"हो," ते आईला म्हणाले. "पायच झोपला. हिचं बरोबर होतं."

"ऐकलंस ना?" आई मला म्हणाली. "आता घरी गेल्यावर ह्यांना टाकून बोलू नकोस हं. आधीच मनाला लावून घेतलंय त्यांनी."

बाबा उठले. पाय अडखळला म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, आईचा धड असलेला हात धरला आणि दोघं दाराकडे निघाले.