दांड्यावरचे थेंब

बाबांनी एकाच कुंडीतला गड्डा सुरीने दुभागून आम्हा दोघी बहिणींना दिला होता. तलवारीसारखी उभी, जाड पानं. माती एक आणि खिडकीही एकच, बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची. सहा वर्षांनी फुलांचा दांडा आला तो धाकटीच्या झाडाला.

धाकटीला तसंही सगळं मिळालंच होतं. शिक्षण सोडून ती दुकानात बसली आणि बाबांचं भिंग तिच्या डोळ्याला चिकटलं ते कायमचं. मी वनस्पतिशास्त्र शिकले. रविवारी पाहुणीसारखी येते, चहा पिते, आणि गिऱ्हाइकं विचारतात, ही कोण?

त्या रविवारी दांड्यावर, प्रत्येक कळीच्या बुडाशी, चिकट थेंब लोंबत होते. बाबांचा चेहरा उतरला होता. "ताईला दाखव," ते धाकटीला म्हणाले. "तिला कळतं यातलं."

हे वाक्य ऐकायला मी सहा वर्षं थांबले होते.

भिंग लावून पाहिलं. थेंब नितळ होते आणि फक्त कळ्यांपाशी होते. पानं कोरडी. कापसाच्या ठिपक्यांसारखे दिसणारे पिठ्या ढेकूण सांदीकोपऱ्यातही नव्हते. झाड ठणठणीत होतं. फुलायला आलं की त्यातून असा मध पाझरतो, एवढंच सांगायचं होतं.

"कीड आहे," मी म्हणाले. "दांडा कापावा लागेल."

ती हुज्जत घालेल, निदान डोळ्यांत पाणी आणेल, मग मी मोठेपणाने म्हणेन की बरं, राहू दे, असं मी धरून चालले होते. तिने कात्री घेतली आणि दांडा बुडापासून कापला.

"शेजारी तुझं झाड आहे ना, ताई. त्याला लागायला नको." आपली कुंडी उचलून तिने मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली.

बाबांनी दांडा टेबलावर घेतला. केसाएवढी स्प्रिंग फरशीवरून शोधून काढणारा माणूस. बराच वेळ भिंगातून पाहत राहिले, मग एक थेंब बोटाने टिपून जिभेला लावला.

"गोड आहे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

"कीड चाटताय, बाबा?" धाकटी हसली.

मी आत गेले, तिची कुंडी आणली आणि खिडकीत माझ्या कुंडीच्या जागी ठेवली. का गं, असं तिने विचारलं. एकदा दांडा आलेल्या फुटव्याला पुन्हा दांडा येत नाही, हेही मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर आधी दुसरं काहीतरी सांगावं लागणार होतं. बाबा भिंग पुसत थांबले होते.