अक्कांचं अठ्ठेचाळीस दिवसांचं पाणी

मी एक रानआमरी आहे. ऑर्किड म्हणतात ना, त्यांच्यातलीच. पण झाडावर चढून बसणारी नव्हे, चिखलात पाय रोवून उभी राहणारी. निलगिरीत, उटीपलीकडच्या पाणथळ कुरणात माझा जन्म झाला. पावसाळ्यात गुलाबी तुरा मिरवायचा आणि थंडी पडली की पानं वाळवून मातीतल्या कंदात गुडुप झोपायचं, एवढाच माझा संसार. मी मेले असं तिथे कोणालाच वाटत नसे.

मित्रांनो, १९६१ साली टपाल खात्यातल्या गुरुराजांची उटीहून मद्रासला बदली झाली. ही माणसं मूळची तंजावरकडची मराठी. त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई सहा वर्षं रोज संध्याकाळी आमच्या कुरणावर येत. निघताना त्यांनी मला मातीच्या गोळ्यासकट उचललं आणि मांडीवर धरून मद्रासमधल्या मैलापूरला आणलं. तिथल्या घरात गुरुराजांच्या थोरल्या विधवा बहीण सकवारबाई राहत असत. त्यांना सगळे अक्का म्हणत.

मैलापूरचा उकाडा काय सांगू! माझ्या अंगाची नुसती लाही झाली. अन्नपूर्णाबाई कुंडीला ओला गोणपाट गुंडाळत, मला माठाशेजारी सावलीत ठेवत. ऑगस्टात मी कशीबशी चार फुलं काढली. त्या माझ्यासमोर बसून खूप रडल्या. हे शहर त्यांनाही मानवत नव्हतं.

कार्तिकात त्यांनी अंथरूण धरलं. ताप हटेना. त्याच सुमारास माझीही पानं वाळली.

"अक्का, ती मेली नाही, झोपलीय," त्या पडल्यापडल्या म्हणाल्या. "पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिला पाणी घालू नका. ती परत उगवलेली मला पाहायचीय."

"बरं गं, तू नीज," अक्का म्हणाल्या.

पण अक्कांना राहवेना. भावजय बरी व्हावी म्हणून त्यांनी एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, तुळशीला पाणी घालायचं व्रत धरलं. पहाटे स्नान, आणि पाणी घालेपर्यंत कॉफीचा घोटही नाही. माझी कुंडीही त्यांनी तुळशीशेजारी आणून ठेवली. "तिचा सगळा जीव हिच्यात अडकलाय. हिला तहानलेली ठेवून तुळशीला कशी पाजू?" असं पुटपुटत त्या एक तांब्या तुळशीला घालत आणि दुसरा मला.

बाई गं, पुरे कर, असं मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मला वाचा कुठली? दहाव्या दिवशी माझ्या कंदाला वास सुटला. विसाव्या दिवशी, पुढच्या वर्षासाठी जपून ठेवलेला माझा धाकटा कंदही मऊ पडला. नेमका तेव्हाच अन्नपूर्णाबाईंचा ताप उतरू लागला. मग काय, अक्का आणखीच भरभरून पाणी घालू लागल्या.

शेवटच्या दिवशी अन्नपूर्णाबाई भिंत धरत धरत अंगणात आल्या. अक्का तांब्या घेऊन उभ्याच होत्या. बाईंनी माझ्या मातीत बोट खुपसलं. बोटाला माझा लगदा लागला.

"मीच घातलं पाणी," अक्का म्हणाल्या. "तू नको म्हणाली होतीस. तरी घातलं. उगवेल ना गं ती?"

अन्नपूर्णाबाईंनी पदराला बोट पुसलं आणि माझ्यावरची माती सारखी केली.

"उगवेल हो अक्का," त्या म्हणाल्या. "आजचं पाणी राहिलंय ना? घाला. व्रत अपुरं नको."

अक्कांनी तांब्या ओतला आणि डोळे मिटून हात जोडले. अन्नपूर्णाबाईंनी मान वळवली.

मित्रांनो, अक्कांवर माझा राग नाही. त्यांच्याइतकी माया माझ्यावर कुरणातही कोणी केली नव्हती. एवढंच मागते, की आमच्यावर माया कराल तेव्हा आम्हांला काय सोसतं, तेही जरा जाणून घ्या. आणि आम्ही झोपलेलो असलो, तर आम्हांला झोपू द्या.